गळाला काय लागले?

दिवाळीचे चार दिवस म्हणजे मध्यमवर्गीय गृहस्थाची परीक्षाच असते. पहिला दिवस अभ्यंगस्नान, फराळ आणि फटाके यांत जातो, दुसरा पाहुण्यांत जातो, तिसऱ्या दिवशी चकली मऊ का पडली या वादाचा निकाल लागतो, आणि चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता घरातली मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. पाहू लागतात हे आपले म्हणायचे इतकेच. हल्ली चौघे चार कोपऱ्यांत चार फोन घेऊन बसलेले असतात, आणि घरात इतकी शांतता असते की शेजाऱ्यांना वाटावे, ही मंडळी गावाला गेली. वर्षभर जिची वाट पाहिली ती सुटी हातात आल्यावर तिचे करायचे काय, हेच आपल्याला ठाऊक नसते. कामाची सवय आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची आहे; एकत्र रिकामे बसण्याची नाही.

या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे की प्रस्तुत लेखकाला सल्ला देण्याची खोड आहे, पण करून पाहिल्यावाचून देण्याची नाही. तेव्हा यंदाचा सल्ला अनुभवाचा आहे. सगळ्या घराने मिळून एक दिवस एखाद्या तलावाच्या काठी गळ टाकून बसावे.

“मासे मारायचे? आणि तेही दिवाळीत?” असे म्हणून ज्या भगिनींनी पान उलटायला घेतले असेल त्यांनी क्षणभर थांबावे. त्यांच्या बाजूने बोलणारे एक माणूस या लेखात पुढे येणार आहे, आणि ते माझ्यापेक्षा चांगले बोलते.

आमची धाकटी बहीण हिंगोलीला दिली आहे. मेहुणे शिक्षक, घर ऐसपैस, मागे परस, परसात चूल. भाऊबीजेला आम्ही तिकडे गेलो की मेहुणे काहीतरी बेत काढतातच. मुंबई-पुण्याकडच्या माणसाला हिंगोली म्हटले की औंढ्या नागनाथाचे देऊळ आठवते, फार तर नरसी नामदेव. हिंगोली हा वेगळा जिल्हा आहे हेही पुष्कळांच्या गावी नसते; १ मे १९९९ रोजी तो परभणीतून निघाला. तर मेहुणे म्हणाले, “नागनाथाचे दर्शन तर घेऊच, पण एक दिवस पोरांना सिद्धेश्वरावर नेऊ.” हे ऐकताच आमच्या मंडळींनी नारळ आणि उदबत्तीचा पुडा पिशवीत भरला. सिद्धेश्वर म्हणजे इथल्या माणसाच्या तोंडी आधी धरण, हे त्यांना वाटेत कळले. नारळ वाया गेला नाही, फोडून खाल्ला.

हे धरण पूर्णा नदीवर आहे. अकोला-अमरावतीच्या वाचकांनी लगेच हक्क सांगू नये. त्यांची पूर्णा तापीला मिळते, ही गोदावरीला. ही अजिंठ्याच्या डोंगरांतून निघून मराठवाड्याच्या काळ्या रानातून वाहत येते. तिच्यावर दोन धरणे लागोपाठ बांधली आहेत : वर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर. दोन्ही पूर्णा प्रकल्पाची, १९६८ साली पुरी झालेली. येलदरीचे पाणी तिथल्या साडेबावीस मेगावॅटच्या वीजघरातून उतरते आणि सिद्धेश्वरात येऊन थांबते. सिद्धेश्वरातून ते कालव्याने हिंगोली, परभणी, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांच्या शेतांत जाते. एकत्र कुटुंबातल्या दोन जावांसारखे हे आहे. कोठीची किल्ली थोरलीकडे, पंगतीत वाढायचे काम धाकटीकडे.

धाकटी म्हटले तरी सिद्धेश्वराची मातीची भिंत सव्वासहा किलोमीटरांहून लांब आहे. तिच्यावरून चालत निघालेले माणूस दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत चहाची वेळ टळून जाते. दिवाळीत पाऊस संपलेला असतो, पाणी निवळलेले असते आणि चांगल्या पावसाच्या वर्षी धरण काठोकाठ भरलेले असते. एका अंगाला आभाळाएवढे पाणी, दुसऱ्या अंगाला वसमतच्या बाजूने पसरत गेलेली हळदीची हिरवी राने. पाण्याच्या कडेला खंड्या आणि बगळे, मधल्या एखाद्या वठलेल्या झाडावर पंख वाळवीत बसलेले पाणकावळे. गळ टाकला नाही तरी माणसाने तासभर बसावे असे ते ठिकाण आहे. पण तासभरच. हातात काही नसेल तर शहरी माणूस एका तासाने घड्याळ पाहतो आणि मुले भूक लागल्याचे जाहीर करतात. गळाची काठी उपयोगी पडते ती इथे. ती माणसाला थांबण्यासाठी निमित्त देते.

हे निमित्त काही इंग्रजाने आपल्याला शिकवलेले नाही. आयझॅक वॉल्टन या लंडनच्या कापडवाल्याने १६५३ साली गळ टाकण्यावर एक पुस्तक लिहिले आणि ते जगभर गाजले, हे खरे. पण त्याच्या पाचशे वर्षे आधी आपल्याच दख्खनेत, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला, आणि त्यात राजाने मनोरंजन कसे करावे हे सांगताना ‘मत्स्यविनोद’ हे एक प्रकरणच घातले. कोणता मासा कुठे राहतो, त्याला कसले खाद्य द्यावे, गळ कसा टाकावा हे सगळे त्यात आहे. आजचा मराठवाडा त्या चालुक्यांच्या राज्यात होता. तेव्हा सिद्धेश्वराच्या काठी बसलेल्या कारकुनाला कोणी आळशी म्हटले तर त्याने बेलाशक सांगावे, की मी राजविनोद करीत आहे.

राजाला लागले असेल तेवढे सामान आपल्याला लागत नाही. एक हलकी बांबूची काठी, तिच्या दुप्पट लांबीचा बारीक तंगूस, शिशाचा हरभऱ्याएवढा तुकडा, लहानसा गळ आणि पाण्यावर तरंगायला मोरपिसाचा देठ. गळाला लावायला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड एकत्र मळून केलेला गोळा. बंगालमधले शौकीन गळ टाकण्याआधी पाण्यात जे मसालेदार खाद्य टाकतात त्याला ‘चार’ म्हणतात, आणि त्यातले मसाले कोणते हे सख्ख्या भावाला सांगत नाहीत. आमचे पीठ बहिणीने मळले. आमच्या मंडळींनी मात्र भिजवलेली कणीक बोटाने दाबून पाहिली आणि ‘हिच्या पोळ्या चांगल्या झाल्या असत्या’ एवढाच अभिप्राय दिला.

गळ टाकायच्या आधी आपण मुलांना दटावतो, “गप्प बसा, मासे पळतील.” ही दटावणी फुकट आहे. हवेतला आवाज पाण्यात जवळजवळ शिरतच नाही, बहुतेक सगळा पाण्याच्या पाठीवरून परत फिरतो. मुलांनी गोष्टी सांगाव्या, गाणी म्हणावी, माशाला त्याचे काही नाही. पण काठावर धावायचे नाही, पाय आपटायचे नाहीत. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते; त्या रेघेने त्याला पाण्यातली हालचाल कळते, आणि काठावरच्या जमिनीची थरथर पाण्यात पोचतेच. म्हणजे गप्पा चालतात, धावपळ चालत नाही. आपल्या घरातल्या सुटीत नेमके याच्या उलट असते.

आणखी एक. दिवाळीच्या गारठ्यात पहाटे उठून काठावर कुडकुडत बसण्याची जरुरी नाही. माशाचे रक्त पाण्याइतकेच गार किंवा ऊन असते. पाणी गार असले की त्याला भूक कमी. दहा-अकराला उन्हाने कडेचे पाणी जरा कोमट झाले की तो खायला येतो. म्हणजे सगळ्यांच्या आंघोळी, चहा, फराळ उरकून निघायला हरकत नाही. या एका कारणासाठी मला हा प्राणी समंजस वाटतो.

आता ते माणूस. बहिणीच्या सासूबाई वारकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ आहे, वय सत्तरीच्या पुढे. त्या आमच्याबरोबर येतील असे कोणालाच वाटले नव्हते. पण ‘पाणी बघायला’ म्हणून त्या आल्या, बाभळीच्या सावलीत सतरंजीवर बसल्या, आणि आमच्या चिरंजिवांनी गळाला पिठाची गोळी लावलेली पाहून म्हणाल्या, “त्या जिवाला घास दावायचा अन् घशात काटा अडकवायचा, ह्यो कसला खेळ वो भाऊ?”

चिरंजीव शाळेत वादविवाद स्पर्धेत बोलतात. ते म्हणाले, “आजी, आम्ही धरून परत सोडून देणार आहोत.”

“मग धरायचाच कशाला?”

यावर वादविवादपटू गप्प झाले. मी म्हणालो, “मावशी, जो धरू तो खाऊ. वाया नाही घालवणार.” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “भोई पोटासाठी धरतो, त्याचं ते शेत हाय. त्याला मी कधी नावं ठेवली न्हाईत. तुमी तर पोट भरून आलाव.”

वाचकहो, मासे धरण्याच्या विरुद्ध मी पुष्कळ युक्तिवाद वाचले आहेत. अहिंसेचे वाचले, आरोग्याचे वाचले. पण ‘तुम्ही पोट भरून आलात’ या चार शब्दांइतका सरळ एकही नाही. सगळ्या हौसेच्या मुळाशी हा प्रश्न आहे. मी मावशींशी वाद घातला नाही आणि गळही गुंडाळला नाही. दोन्ही गोष्टी मनात ठेवून दिवसभर बसलो. मावशींनी आमच्या आठ वर्षांच्या कन्येला जवळ बोलावले, पिठाचा एक मोठा गोळा मागून घेतला, आणि दोघी मिळून दहा हात पलीकडे बिनगळाच्या गोळ्या पाण्यात टाकू लागल्या. पाहता पाहता तिथे पाणी चुळबुळू लागले. आमचा मोरपिसाचा देठ मात्र फोटोसाठी बसवल्यासारखा निश्चल होता.

त्या ‘शेता’ची ओळख करून दिली ती एका म्हाताऱ्या भोयाने. मेहुण्यांनी आधीच त्यांना विचारून आमची परवानगी काढली होती; त्यांचा नातू मेहुण्यांच्या हाताखाली शिकलेला. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते जाळे पाहून आले, काठाला लागले, आणि “सरांचे पावणे का?” असे विचारून आमच्याजवळ टेकले.

पुष्कळांना वाटते की धरणातला मासा आपोआप होतो, जसे पाणी आपोआप साठते. तसे नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या जलाशयांत मासेमारीचा ठेका असतो आणि तो बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे जातो. संस्था मत्स्यबीज आणून पाण्यात सोडते, ते वाढण्याची वाट पाहते, आणि मग जाळे लावते. सोडतात ते मासे मुख्यतः तीन : कटला, रोहू आणि मृगळ. हे तिघेही मूळचे गंगेकडचे. तिघांनाच का निवडले? तर कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरातले खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ तळाशी गाळातले टिपतो. एकाच चाळीत तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडे, आणि नळावरून भांडण नाही. अशी चाळ मुंबईत मी अजून पाहिलेली नाही.

पण या तिघांची एक खोड आहे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, वीत नाहीत. वीण व्हायला त्यांना पावसाळ्यातला वाहता पूर लागतो. म्हणून पूर्वी यांचे बीज उत्तरेच्या नद्यांतून पुराच्या दिवसांत गोळा करीत आणि हंड्यांत पाणी भरून, ते हिंदकळवीत हिंदकळवीत, आगगाडीने देशभर नेत. त्यात नको ते मासेही मिसळलेले, आणि वाटेत मरणारे किती त्याची गणती नाही. हा अडसर दूर केला तो हिरालाल चौधरी या बंगाली शास्त्रज्ञाने. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची वीण साध्या तळ्यात घडवून आणली. तो दिवस आता देशात मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. आज मराठवाड्यातल्या आडगावच्या बाजारात रोहू मिळतो तो त्या सुईमुळे. आपण मात्र गहू-तांदळाच्या क्रांतीवर निबंध लिहितो आणि या क्रांतीचा रस्सा नुसता ओरपतो.

या धंद्यातले शब्द आमच्या मंडळींना फार आवडले. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांना म्हणतात मत्स्यजिरे; अगदी जिऱ्याएवढी. ती वाढून बोटाएवढी झाली की बोटुकली. बोटुकली धरणात सोडायची, आणि मग वर्षभर पाणकावळे, मोठे मासे, उतरते पाणी आणि चोर या सगळ्यांतून वाचतील तेवढी आपली. भोईमामा म्हणाले, “सोडताना मोजून सोडतो, काढताना देव मोजतो.” उन्हाळ्यात कालवे सुटले, पाणी तळाला गेले, की वर्षाचा हिशोब एका महिन्यात उघडा पडतो. पुढचा पाऊस लांबला तर बीज घ्यायचे कशाच्या जोरावर, हा प्रश्न.

तेव्हा सिद्धेश्वराच्या पाण्यातला रोहू हे रानातले बोर नव्हे, तो पेरलेला हरभरा आहे. मराठवाड्यात हुरड्याच्या दिवसांत शेतकरी पाहुण्याला हाताला धरून शेतावर नेतो आणि पोटभर हुरडा खाऊ घालतो. पण न बोलावता कोणी कणसे खुडू लागला तर त्याला पाहुणा म्हणत नाहीत. धरणावर सुटीच्या दिवशी मोटारी घेऊन येणारी काही मंडळी मी पाहतो. गाडीतून कण्याची गाणी वाजतात, पत्रावळी वाऱ्यावर सोडल्या जातात, आणि ‘गंमत म्हणून’ नायलॉनचे जाळे पाण्यात फेकून पाटीभर बारीक मासे बाहेर काढतात. त्यातले निम्मे काठावरच तडफडून वाळतात. सुरुंगाने किंवा विष कालवून मासे मारण्याला तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, पण जे कायद्यात बसते तेही शोभतेच असे नाही. हौस आणि पोट एकाच काठावर आली की हौसेने थोडे सरकून बसावे, एवढे आपल्याला समजायला हवे. काठी एक, गळ एक, आणि विचारल्याशिवाय तोही नाही. पावसाळ्यात, वीण चालू असताना, तर अजिबात नाही. आपल्याकडे हे नवीन नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक दिवशी मासे धरू नयेत आणि विकूही नयेत अशी आज्ञा कोरलेली आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या सम्राटाला जे सुचले ते आपल्या सहलीच्या यादीत, चटणी-लोणच्याच्या खाली, लिहून ठेवायला काय हरकत आहे?

साडेअकराच्या सुमारास मोरपीस एकदा थरथरले, मग आडवे झाले, आणि बुडाले. चिरंजिवांनी काठी उचलली. पाव किलोही नसेल असा एक मृगळ, रुप्यासारखा, उन्हात लखलखत वर आला. घरातल्या सगळ्यांचे तोंड एकाच वेळी उघडे राहिले. एरवी आमच्या घरात सगळे एका दिशेला पाहतात ते फक्त वीज गेल्यावर. भोईमामांनी चिरंजिवांना हात आधी ओले करायला लावले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघतो आणि मग त्याला रोग धरतो. “गेल्या सालचं लेकरू हाय,” ते म्हणाले, “फुडच्या दिवाळीला किलोचं होईल.” चिरंजिवांनी मावशींकडे पाहिले, आणि मासा पाण्यात सोडला. मावशी काही बोलल्या नाहीत. पिठाची एक गोळी मात्र त्या बाजूला टाकली.

खरी कसोटी पुढे होती. जेवणे झाल्यावर मुले भोईमामांबरोबर काठाकाठाने निघाली, आणि एका पाणगवताच्या बेटाजवळ कन्या ओरडली, “पाण्यात कुंकू सांडलंय!” जाऊन पाहिले तर तांबूस रंगाच्या शेकडो बारीक पिलांचा पुंजका पाण्याच्या पाठीवर हलत होता, कधी पसरे, कधी आवळे. ती मरळीची पिले होती. यंदा पाऊस लांबला होता, त्यामुळे वीण उशिराची. मरळ म्हणजे आपल्या गोड्या पाण्यातला मानाचा मासा. काटे थोडे, चव मोठी, आणि बाजारात भाव रोहूपेक्षा पुष्कळ जास्त. ती पाण्यावर तोंड काढून हवाही घेते, त्यामुळे पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते. आणि माशांत क्वचितच आढळणारी गोष्ट म्हणजे ती आपली पिले सांभाळते. पुंजक्याच्या खाली आई-बाप पहारा देत असतात. जवळ काही आले की त्याच्यावर झडप घालतात.

चिरंजिवांच्या डोळ्यांत चमक आली. मोठी मरळ, हाताच्या अंतरावर! भोईमामांनी लपवाछपवी केली नाही. “पुंजक्यात गळ टाकला तर आत्ता लागंल,” ते म्हणाले. “तिला भूक न्हाई. लेकराजवळ काय आलं म्हणून चावंल ती.”

“मग तुम्ही का नाही धरत, आजोबा?”

“ती गेली की ही सगळी दोन दिसांत दुसऱ्या माशांच्या पोटात. एक मरळ आज, का पन्नास मरळी फुडं? अन् भाव तर मला तुझ्यापेक्षा जास्त ठावं हाय.” एवढे बोलून ते हसले. ज्याचे पोट त्या मरळीवर आहे तो माणूस तिला सोडून चालला होता.

मी बाजूला उभा होतो. अशा वेळी बापाने बोलावे की न बोलावे? मी न बोलण्याचे ठरवले. मुलगा बारा वर्षांचा, काठी त्याच्या हातात, गळाला गोळी लावलेली. तो दोन-तीन मिनिटे त्या कुंकवाकडे पाहत उभा राहिला. एकदा खालून काळसर पाठ सरकून गेली, चांगली हातभर लांब. त्याने काठी घट्ट धरलेली मला दिसली. मग त्याने तंगूस काठीला गुंडाळला, गळ पिसाच्या देठात खोचला आणि बहिणीला म्हणाला, “चल, तू गोळ्या टाक, मी मोजतो किती येतात ते.”

चार गोष्टी सावधगिरीच्या सांगितल्याच पाहिजेत, कारण दरवर्षी सुटीत धरणांवर शहरातली मुले बुडतात आणि वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते. धरणाचा काठ नदीच्या घाटासारखा नसतो. कुठल्याही धरणाच्या पोटात जुनी शेते, नाले, विहिरी बुडालेल्या असतात; गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल पुरुषभर पाण्यात पडू शकते, आणि काळ्या मातीचा गाळ पाय धरून ठेवतो. तेव्हा पाण्यात उतरायचे नाही, पोहता येत असले तरी नाही. धरणाच्या खाली, दरवाजांसमोरच्या कोरड्या पात्रात तर सतरंजी कधीही घालू नये. आपल्या डोक्यावर ऊन असते, पण वरून पाणी सुटायला आपल्या आभाळात ढग असावे लागत नाहीत. मुलांच्या हाती गळ देताना मागे कोणी उभे नाही ना हे पाहावे. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये, त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. आणि मुलांवर नजर ठेवण्याचे काम एकाच मोठ्या माणसाकडे, नाव घेऊन, सोपवावे. ‘सगळे आहेतच’ असे म्हटले की कोणीच नसते.

मुंबईकर वाचक विचारतील, आम्हाला सिद्धेश्वर कुठून? त्यांच्यासाठी पवई आहे. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या त्या तलावाकाठी गळ टाकणाऱ्या हौशी लोकांची संघटना पुष्कळ वर्षांपासून आहे. बाकीच्यांनी आपापल्या जिल्ह्यातल्या धरणावर ठेका कोणाचा आहे याची चौकशी करावी. चौकशी केली की नव्वद टक्के लोक ‘बसा की’ म्हणतात. उरलेल्यांचा नकार ऐकून नमस्कार करून परत यावे.

चार वाजता ऊन उतरले. आमच्या टोपलीत मासा एकही नव्हता. तेव्हा भोईमामांच्या ताज्या मालातला दोन किलोंचा एक रोहू आम्ही रीतसर तोलून, बाजारभावाने विकत घेतला. त्यांनी सरांचे पावणे म्हणून थोडे पैसे कमी घ्यायचा हट्ट धरला. मेहुण्यांनी तो चालू दिला नाही. त्या रोहूचे पैसे देताना मला सकाळपासून पहिल्यांदा मावशींच्या नजरेला नजर देता आली.

बहिणीच्या स्वयंपाकघरात मासा शिरत नाही. परसातल्या चुलीवर मावशींनी आधी स्वतःची भाकरी भाजून घेतली, मग विस्तव न विझवता चूल आमच्या हवाली केली आणि ओसरीवर हरिपाठ म्हणत बसल्या. रस्सा बहिणीनेच केला. तीळ, खोबरे, भाजलेला कांदा आणि काळा मसाला घालून, मराठवाड्याला साजेल इतका तिखट. रोहूच्या मांसात केसासारखे दुपाखी काटे फार असतात. आमच्या कन्येला ते काढून देता देता आमच्या मंडळींचा घास हातातच राहिला, बहिणीची भाकरी गार झाली, आणि चिरंजीव मात्र चौथ्या भाकरीला हात घालून आत्याला विचारीत होते, की ती पिले बोटुकली व्हायला किती दिवस लागतील.